अकराव्या मजल्यावरचा पंप

'तरंगिणी लेकव्ह्यू' या इमारतीतून तलाव दिसत नाही. विक्रीच्या माहितीपत्रकात तो दिसत होता, पण ते चित्र ज्या कोनातून काढलं होतं त्या कोनात जायचं तर माणसाला बाविसाव्या मजल्याच्या बाहेर हवेत उभं राहावं लागलं असतं. तीन वर्षं लोकांनी याबद्दल बिल्डरला मेल पाठवले. मग यंदा दिवाळी झाल्यावर पाणी आपणहून आलं. लिफ्टच्या खड्ड्यात आलं. गुडघाभर, थंड आणि अगदी नितळ. दोन्ही लिफ्ट बंद पडल्या.

पहिल्या दोन दिवसांत जिना चढणं आरोग्याला किती चांगलं, यावर सोसायटीच्या ग्रुपवर बरंच लिहून आलं. तिसऱ्या दिवसापासून आरोग्याचा विषय बंद झाला. एकोणिसाव्या दिवशी, मंगळवारी, सीताराम मेथीची जुडी आणि अर्धा लिटर दूध घेऊन अकराव्या मजल्यावर पोहोचला तेव्हा त्याचा श्वास अजून आठव्याच मजल्यावर होता.

शकू दारातच खुर्ची टाकून बसली होती. ही सीतारामची बायको एकोणीस दिवसांत खाली उतरली नव्हती. तिचं आणि जिन्याचं गुडघ्यांवरून फार पूर्वीच बिनसलं होतं. कोपरीच्या चाळीतली तळमजल्यावरची खोली सोडून मुलाच्या या फ्लॅटमध्ये यायला ती तयार झाली ती लिफ्ट बघून. आत शिरून, दोनदा वरखाली करून, मगच तिने हो म्हटलं होतं.

"काय म्हणतंय तळं?" तिने विचारलं.

सीतारामने सांगितलं की सकाळी उपसलं आणि आत्ता पुन्हा तेवढंच आहे.

"आज मंगळवार झाला," शकू म्हणाली, आणि मेथी निवडायला घेतली.

मंगळवार झाला याचा अर्थ रविवार पाच दिवसांवर आला. रविवारी कोपरीत करिश्माचं लग्न होतं. करिश्मा ही रमाबाईची नात, आणि रमाबाई म्हणजे चाळीतली चाळीस वर्षांची शेजारीण. दोन खोल्यांच्या मधल्या भिंतीवर टकटक केलं की साखर मिळायची. त्या चाळीत जेवढी लग्नं झाली त्या सगळ्यांत विधी बौद्धाचार्यांनी केले, पण वंदनेला बायकांचा आवाज उचलायचं काम शकूचं. ती सुरू करायची आणि बाकीच्या तिच्या मागून जायच्या. शकू नसली तर बायका एकमेकींकडे बघत बसतात, आणि वंदना अशी येते की जणू सगळ्यांनी नाकानेच म्हटली. करिश्माने फोन करून बजावलं होतं की शकूआजी हॉलमध्ये येईपर्यंत मी जागची हलणार नाही.

मुलगा राजरत्न म्हणाला होता की आई, तुला खुर्चीत बसवून आम्ही उचलून उतरवतो. शकूने त्याच्याकडे अशी नजर टाकली की तो विषय तिथेच संपला. मी काय सामान आहे का, एवढंच ती म्हणाली. लिफ्टने आले, लिफ्टने उतरेन.

आता हे पाणी कुठून येतंय हे सीतारामला माहीत होतं. त्याची खरी अडचण तीच होती.

कारण तरंगिणी लेकव्ह्यू जिथे उभी आहे तिथे पूर्वी 'हिंदप्रभा पंप्स' नावाची कंपनी होती, आणि सीताराम तिच्यात बावीस वर्षं फिटर होता. मंडणगडाकडून एकोणिसाव्या वर्षी ठाण्याला आला, कोपरीत मावसभावाकडे पथारी टाकली, आणि आठवड्याभरात या गेटातून आत गेला. तेव्हा गेटावर ओळखपत्र विचारत नसत, चेहरा बघत. आता क्लबहाउस आहे तिथे हजेरीचं ऑफिस होतं, पोहण्याच्या तलावाच्या जागी कँटीन, आणि आता जिथे पांढरे गोटे पसरून 'झेन गार्डन' केलंय तिथे विहीर. या जमिनीखाली पाण्याचे झरे आहेत. विहिरीवर दोन पाळ्या पंप चालायचा तेव्हा कुठे मशीन शॉपचा पाया कोरडा राहायचा. कंपनी स्वतः पंप बनवत असल्यामुळे याचं कुणाला विशेष वाटत नसे.

मग एक दिवस मालकाच्या लक्षात आलं की पंप बनवून जे मिळतं, त्याच्या कित्येक पट पंप न बनवता मिळू शकतं. त्यासाठी फक्त जमीन रिकामी करायची होती. कंपनी बंद झाली. कामगारांच्या हिशेबाच्या वेळी तिजोरीत काही नव्हतं आणि गोदामात माल पडून होता, म्हणून प्रत्येकाला सांगितलं गेलं की एकेक पंप घेऊन जा. कुणी तिथल्या तिथे भंगारवाल्याला दिला, कुणी गावी पाठवला. सीतारामने शोधून शोधून पाच हॉर्सपॉवरचा एक निवडला, कारण तो त्याने स्वतः जोडला होता. हातगाडीवर घालून तो कोपरीला घेऊन गेला.

शकू त्या दिवशी दारात उभी होती. नवरा हिशेब घेऊन येणार म्हणून तिने केस विंचरून वेणीही घातली होती. हातगाडी थांबली, गोणपाट बाजूला झालं, आणि तिने पंप पाहिला. तेव्हापासून ती त्याला सवत म्हणते.

ही सवत चोवीस-पंचवीस वर्षं चाळीतल्या पलंगाखाली राहिली. एकदाही चालली नाही. दर एक मेला सीताराम गोणपाट सोडायचा, तेल घालायचा, शाफ्ट हाताने फिरवून बघायचा आणि पुन्हा गुंडाळून ठेवायचा. घर बदललं तेव्हा चार हमालांनी सर्व्हिस लिफ्टमधून ती अकराव्या मजल्यावर आणली. आता ती कपडे धुण्याच्या मशीनशेजारी असते. सून वैशाली तिच्यावर इस्त्रीचे कपडे ठेवते. सुरुवातीला तिने फार नम्रपणे विचारलं होतं की पप्पा, अकराव्या मजल्यावर आपल्याला नक्की कुठून पाणी खेचायचं असतं.

तर असा हा, पाण्याचं कारण ठाऊक असलेला माणूस. त्याने पहिल्याच दिवशी जाऊन सांगितलं. खाली विहीर आहे. कुणी बुजवली नाही, वरून नुसती झाकली. इमारत झाल्यावर पाणी इतके दिवस आलं नाही, कारण शेजारच्या टॉवरच्या पायाचं काम चालू होतं आणि ते लोक रात्रंदिवस पाणी उपसत होते. त्यांचा पाया झाला, त्यांनी पंप काढला, आपल्याकडे पाणी चढलं. विहिरीवर पंप बसवा, आठ तासांत खड्डा कोरडा.

हे त्याने ज्याला ज्याला सांगितलं त्याने मान डोलावली आणि बघतो म्हटलं.

मग सोसायटीची सभा झाली. सीताराम बोलायला उभा राहिला. सेक्रेटरी उत्तरा मॅडमनी आपल्या यादीत पाहिलं आणि अतिशय सभ्यपणे सांगितलं की सभेत फक्त सभासद बोलू शकतात. फ्लॅट राजरत्न आणि वैशालीच्या नावावर आहे. काकांना सहयोगी सभासद करून घेता येईल, तसा अर्ज आहे, तो कमिटीच्या पुढच्या बैठकीत मंजूर होईल. पुढची बैठक पुढच्या महिन्यात.

उत्तरा मॅडम वाईट बाई नव्हत्या. त्या चार्टर्ड अकाउंटंट होत्या. स्वतः एकोणिसाव्या मजल्यावर राहत होत्या आणि रोज ते एकोणीस मजले नियमाला धरून चढत होत्या.

राजरत्न उठून म्हणाला की माझ्या वडिलांचं असं म्हणणं आहे. सोसायटीने पाण्यासाठी एक सल्लागार नेमला होता, त्याने वडिलांचं शिक्षण विचारलं. राजरत्नने आयटीआय, फिटर असं सांगितलं. सल्लागाराने ते लिहून घेतलं, निदान लिहून घेतल्यासारखं केलं. नंतर त्याचा चाळीस पानी अहवाल आला. त्यात भूजलावर रंगीत आकृत्या होत्या आणि शेवटच्या पानावर लिहिलं होतं की जागेच्या जुन्या नकाशात विहीर आढळत नाही, सबब विहीर नाही.

बाहेर जाऊन परत आत यायचं तरी सीतारामचा वैताग सुरू. गेटावरचा वॉचमन चांगदेव टॅबलेटवर त्याचा फोटो काढायचा. फ्लॅटच्या मालकांत सीतारामचं नाव नसल्यामुळे तो टॅबलेट त्याला पाहुणा समजायचा, आणि वर जायची परवानगी राजरत्नच्या फोनवर मागायचा. राजरत्न ऑफिसच्या मीटिंगमध्ये असला की सीताराम त्याच गेटात ताटकळायचा, जिथून तो बावीस वर्षं नुसती मान हलवून आत जात होता. चांगदेव परभणीकडचा. त्याला फार लाजल्यासारखं व्हायचं. तो खुर्ची पुढे करायचा आणि म्हणायचा, बसा काका, हे यंत्र मला पण रोज पाहुणाच म्हणतं.

मंगळवारी मेथी निवडून झाल्यावर सीताराम पुन्हा अकरा मजले उतरला आणि क्लबहाउसमध्ये उत्तरा मॅडमसमोर जाऊन बसला. त्याने फक्त एवढंच विचारलं की तुमचा विश्वास बसायला काय लागेल.

"कागद लागेल, काका," उत्तरा मॅडम म्हणाल्या. त्यांच्या आवाजातही थोडा दम लागलेला होता. "तोंडी सांगितलेलं मी मिनिट्समध्ये कुठे घालू?"

कागद म्हटल्यावर सीतारामसमोर एकच माणूस आला.

विश्राम हा हिंदप्रभाच्या ड्रॉइंग ऑफिसात होता. कंपनीची एकूण एक भिंत, गटार आणि खांब त्याच्या पेनातून कागदावर उतरलेला. शॉप फ्लोअरवरचे लोक त्याला विश्रामराव म्हणत, तो सगळ्यांना नावाने हाक मारत असे. बावीस वर्षांत सीतारामचं आणि त्याचं बावीस वेळा भांडण झालं असेल, आणि प्रत्येक वेळी विषय एकच. नट बसत नाही म्हणून सीताराम वर जायचा, आणि विश्राम सांगायचा की ड्रॉइंगमध्ये बसतो.

बुधवारी सीताराम डोंबिवलीला त्याच्या घरी गेला. दुसऱ्या मजल्यावर. लिफ्ट नव्हतीच, त्यामुळे ती बंद पडायचा प्रश्न नव्हता. विश्रामने दार उघडून आधी विचारलं की फोन करून यायचं नाही का. मग आत घेतलं. चहा दिला. कंपनी बंद झाली तेव्हा त्याच्या वाट्याचा पंप त्याने नाकारला होता आणि त्याऐवजी सगळी मूळ ड्रॉइंग्ज मागून घेतली होती. ती त्याने प्लास्टिकच्या पाइपांत गुंडाळून पोटमाळ्यावर ठेवली होती, प्रत्येक पाइपवर नंबर टाकून. सहा मिनिटांत बरोबर हवा तो कागद टेबलावर आला. ट्रेसिंग पेपर पिवळा पडला होता, शाई मात्र कालची वाटत होती.

विहीर नव्हती. कँटीन होतं, हजेरीचं ऑफिस होतं, चिंचेचं झाडसुद्धा होतं. विहिरीच्या जागी विश्रामच्या वळणदार अक्षरात 'मोकळी जागा' असं लिहिलं होतं.

सीतारामने विचारलं की हे काय. विश्राम म्हणाला की माझ्या ड्रॉइंगमध्ये चूक नसते. सीतारामने कागद दोन्ही हातांनी उचलला आणि खिडकीच्या उजेडासमोर धरला. 'मोकळी जागा' या अक्षरांभोवती एक गोल दिसत होता. शाईचा नव्हे. कागद तेवढाच झिजलेला, बाकीच्यापेक्षा पातळ, जुन्या धोतराला विरलेला भाग असतो तसा.

विश्रामने कागद त्याच्या हातातून काढून घेतला.

"ती चूक नव्हती," तो म्हणाला. "हुकूम होता."

मग त्याने सांगितलं. अडतीस वर्षांपूर्वी कसलीतरी तपासणी येणार होती. आवारात विहीर असेल तर तिच्यासाठी वेगळ्या परवानग्या लागत, आणि कंपनीने त्या घेतलेल्या नव्हत्या. मॅनेजरने विश्रामला बोलावून विहीर काढून टाक म्हणून सांगितलं. विहीर काढणं महाग होतं, कागदावरून काढणं सोपं. विश्रामने अर्धं ब्लेड घेतलं आणि दुपारभर बसून विहीर खरवडली. आयुष्यात त्याने काढलेली ही एकच खोटी आकृती. तिच्यापायी त्याने त्या मॅनेजरशी पुढे कधी गुड मॉर्निंग केलं नव्हतं.

सीताराम म्हणाला की एवढंच येऊन त्या बाईंना सांगायचं. विश्राम म्हणाला की सांगणार नाही, दाखवीन. आणि उद्यासाठी धुतलेला शर्ट काढायला आत गेला.

गुरुवारी गेटावर चांगदेवने एका पाहुण्याबरोबर दुसऱ्या पाहुण्याची नोंद केली. क्लबहाउसच्या काचेला विश्रामने कागद चिकटवला, गोलावर पेन्सिलीचं टोक धरलं आणि अशा आवाजात बोलला की जणू समोर शिकाऊ उमेदवार बसलेत. सल्लागार म्हणाला की खरवडलेला कागद हा पुरावा होत नाही. विश्रामने विचारलं की मग मी दुपारभर काय खरवडत होतो. सल्लागाराला हा प्रश्न त्याच्या कामाच्या यादीत आढळला नाही.

उत्तरा मॅडमनी कागद पाहिला, मग काचेतून जिन्याकडे पाहिलं. एकोणीस मजल्यांचा विचार त्यांच्या चेहऱ्यावरून वरून खाली उतरताना सगळ्यांना दिसला. प्रायोगिक तत्त्वावर उकरून बघा, त्या म्हणाल्या. बाग होती तशी करून द्यायची. राजरत्नची सही घेतली.

शुक्रवारी सकाळी जागेवरून भांडण झालं. जुन्या आवारातलं फक्त चिंचेचं झाड शिल्लक होतं. त्याला आता 'हेरिटेज ट्री' अशी पाटी होती. सीतारामचं म्हणणं, चिंचेपासून कँटीनकडे तोंड करून बावीस पावलं. विश्रामचं म्हणणं, पावलं कुणाची. त्याने टेप आणला होता. सतरा मीटर चाळीस. सीताराम म्हणाला की टेपने मोजून कुणी पाणी भरायला जात नसे. विश्राम म्हणाला की म्हणूनच तुमचे नट बसत नसत. एकाने पावलं टाकली, दुसऱ्याने टेप ओढला, दोघे पांढऱ्या गोट्यांत एकाच ठिकाणी येऊन उभे राहिले, आणि दोघांच्याही चेहऱ्यावर जराशी निराशा पसरली.

गोटे बाजूला केले. वीतभर माती, तिच्याखाली प्लास्टिकचा कागद, त्याच्याखाली जाड लोखंडी पत्रा, दोन अर्धगोल जोडलेले. ते वेल्डिंग सीतारामने लगेच ओळखलं. कंपनीच्या शेवटच्या आठवड्यात त्यानेच केलं होतं, कुणी आत पडू नये म्हणून. बिल्डरने विहीर बुजवायचा खर्च वाचवून वर बाग केली होती. पत्रा कापून उचलला तेव्हा आठ फुटांवर पाणी होतं, आणि त्यात वाकून बघणारे सगळे दिसत होते, सल्लागारसुद्धा. त्याने लगेच विहिरीबरोबर स्वतःचा फोटो काढून घेतला.

आता पंप हवा होता.

उत्तरा मॅडमनी सांगितलं की खरेदीला तीन कोटेशनं लागतात, आणि खजिनदार मुलीकडे सिंगापूरला आहेत, त्यांच्या सहीशिवाय काही होत नाही. खड्ड्यातलं पाणी उपसणारा जो छोटा पंप भाड्याने आणला होता, तो सल्लागाराच्या करारातला. सल्लागार म्हणाला की करारात खड्डा आहे, विहीर नाही. हे सगळं ऐकून होईपर्यंत दुपार झाली. शनिवार उद्यावर आला होता.

"माझ्याकडे एक आहे," सीताराम म्हणाला.

सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं. कुठे आहे म्हणून विचारलं. सीतारामने वर बोट केलं.

लिफ्ट चालू व्हायची तर पंप खाली यायला हवा होता, आणि पंप खाली यायचा तर लिफ्ट चालू व्हायला हवी होती. उत्तरा मॅडमनी हे वाक्य एकदा मनात म्हणून बघितलं आणि मग हळू आवाजात तोंडाने. त्यांनी सामान हलवण्याचा फॉर्म काढला. त्यात सर्व्हिस लिफ्टचा रकाना होता, वेळेचा होता, डिपॉझिटचा होता. जिन्याचा नव्हता. त्यांनी फॉर्म पुन्हा खणात ठेवला, चष्मा काढला आणि म्हणाल्या की उद्या सकाळी दहा ते बारा मी डोळ्यांच्या डॉक्टरकडे नौपाड्याला जाणार आहे. मला काही दिसणार नाही.

शनिवारी सकाळी चांगदेव पाळी संपवून घरी न जाता वर आला. गावी तो जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी उचलायचा, त्यामुळे पंपाकडे बघूनच त्याने दोरी कुठून घ्यायची ते ठरवलं. रंगाऱ्यांचा एक जाड बांबू आणला होता. पंपाला दोरीचा फास घालून तो बांबूला टांगला, पुढे राजरत्न, मागे चांगदेव. सीतारामने एक हात पंपावर ठेवला आणि कंपनीतली जुनी हाक दिली. विश्राम चार पायऱ्या पुढे चालत प्रत्येक वळणावर किती अंश वळायचं ते सांगत होता. कुणी ते ऐकत नव्हतं, पण पंप वळत होता.

शकू दारातल्या खुर्चीवरून सगळं बघत होती.

"सव्वीस वर्षं सांगते, हिला घराबाहेर काढा," ती म्हणाली. "आज निघाली तर बघा थाट. पालखीतून."

प्रत्येक मजल्यावर पंप खाली ठेवून दम घ्यायचा असं ठरलं होतं. दारं उघडत गेली. नवव्या मजल्यावर पाणी मिळालं, सातव्यावर लिंबाचं सरबत. सहाव्या मजल्यावरच्या एका गृहस्थांनी हे काय आहे म्हणून विचारलं आणि पंप म्हटल्यावर, इतका जड, असं म्हणून दार लावून घेतलं. तीन वर्षांत राजरत्नला जेवढे शेजारी भेटले नव्हते तेवढे त्या दीड तासात भेटले.

सोसायटीच्या इलेक्ट्रिशियनने वायरी जोडल्या. सीतारामने नळीत पाणी भरलं आणि खटका दाबायला सांगितलं. पंप घुर्र करून उठला. सीतारामने एक क्षण ऐकलं आणि बंद कर म्हणाला. उलटा फिरतोय. इलेक्ट्रिशियनला हे ऐकून कळतं यावर विश्वास बसला नाही, पण त्याने दोन वायरींची अदलाबदल केली. दुसऱ्यांदा खटका दाबला. नळीने आधी खोकल्यासारखं केलं, थोडी माती थुंकली, आणि मग मनगटाएवढी धार गटारात पडायला लागली. पाचपर्यंत लिफ्टचा खड्डा कोरडा झाला. आपण जोडलेला पंप कसा चालतो हे सीतारामला सव्वीस वर्षांनी कळलं. बरा चालत होता. सीलमधून थोडं ठिबकत होतं, ते त्याला आवडलं नाही.

त्याने लिफ्टच्या कंपनीला फोन लावला. तिकडच्या मुलीने गोड आवाजात सांगितलं की खड्डा सलग चोवीस तास कोरडा राहिल्याशिवाय तंत्रज्ञ येत नाही, आणि रविवारी तो तसाही येत नाही. सोमवारी अकरा ते चारमध्ये.

सीतारामने तिला रविवारी लग्न आहे असं सांगितलं. तिने अभिनंदन केलं.

अकरा मजले चढायला त्याला त्या संध्याकाळी पाऊण तास लागला. वर शकूने पांढरी साडी इस्त्री करून पलंगावर पसरून ठेवली होती. पंप गेल्यामुळे वैशालीला इस्त्रीचे कपडे ठेवायला जागा नव्हती, म्हणून ते सगळीकडे होते. सीताराम शकूसमोर बसला आणि सगळं सांगून टाकलं, सोमवार, अकरा ते चार. शकूने साडीची एक चुणी बोटाने सारखी केली. त्याला वाटलं ती आता रडेल, किंवा करिश्माला फोन लावेल, आणि यांतलं दुसरं जास्त वाईट होतं.

"बांबू परत दिला का?" शकूने विचारलं.

सीताराम नाही म्हणाला. जिन्याखाली आहे.

"दोरी?"

ती पण आहे.

"मग उद्या आठ वाजता," शकू म्हणाली. "तिला अकरा मजले नेलंत, मला न्यायला काय झालं. आणि विश्रामरावांना सांगा, माझ्या पुढे अंश सांगत चालायचं नाही."

रविवारी सकाळी प्लास्टिकची खुर्ची दोन बांबूंना बांधली. दुसरा बांबू चांगदेवने कुठून आणला ते कुणी विचारलं नाही. शकू पांढरी साडी, हातात पर्स आणि चपला मांडीवर अशी बसली. पंपाला प्रत्येक मजल्यावर थांबवलं होतं, तर मलाही थांबवायचं, ही तिची अट. नवव्या मजल्यावर तिने पाणी घेतलं. सातव्यावरच्या बाईंचं नाव, गाव आणि सासू कशी आहे हे सगळं तिने सरबत संपेपर्यंत काढून घेतलं. सहाव्या मजल्यावरच्या गृहस्थांनी दार उघडलं, शकूकडे पाहिलं, या वेळी काही न विचारता बायकोला बोलावलं, आणि बायकोने गुडघ्यांवर कुठलं तेल चांगलं ते सांगितलं. चौथ्या मजल्यावर उत्तरा मॅडम वर चढत होत्या. त्या भिंतीला टेकून बाजूला झाल्या. शकूने त्यांना बजावलं की डोळ्यांना जपा.

खाली गेटावर बदली वॉचमनच्या टॅबलेटने पाहुण्यांची बाहेर जाण्याची वेळ नोंदवली. नऊ वाजून चौपन्न मिनिटं. विहिरीवरच्या पंपापाशी विश्रामला बसवलं होतं. पंप थांबला तर नळीत पुन्हा पाणी भरून चालू करायचा असतो, हे सीतारामने त्याला तीनदा सांगितलं होतं. विश्रामने ते कागदावर आकृती काढून घेतलं होतं.

कोपरीच्या हॉलमध्ये सगळे थांबलेले होते. बौद्धाचार्य घड्याळाकडे बघत होते, नवऱ्याकडची माणसं रमाबाईकडे, आणि करिश्मा दाराकडे. रमाबाई लुगड्याचा पदर खोचत पुढे आली आणि एवढा उशीर का म्हणून सगळ्यांदेखत विचारलं.

"काय करू," शकू म्हणाली, "घरात सवत आहे ना. काल तिला उतरवली, आज माझा नंबर लागला."

मग ती पुढे जाऊन बसली, डोळे मिटले आणि आवाज उचलला. मागून साठ बायकांनी तो धरला. सीताराम भिंतीला टेकून उभा होता. खिशात फोन थरथरला. विश्रामच्या नंबरावरून. त्याने बघितलं आणि परत खिशात ठेवला. फोन पुन्हा थरथरला, थांबला, पुन्हा थरथरला. आकृतीत नट बसत नसणार. सीतारामने हात जोडले आणि बायकांच्या मागून म्हणायला लागला.